गजकर्ण पुन्हा पुन्हा का येतं? आधी घरातली ट्यूब उलटी करून वाचा

‘भाऊ, खाजेची ट्यूब द्या.’ अमरावती असो की अकोला, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. कुठे झालंय, किती दिवसांचं आहे, घरात आणखी कुणाला आहे का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. जागा बहुतेक वेळा जांघेची, काखेची किंवा छातीखालची असते, म्हणून बोलायला लाज वाटते. ट्यूब खिशात जाते. चार दिवसांत खाज थांबते, आठवड्यात डाग फिका पडतो आणि महिन्याभरात तोच डाग दुप्पट होऊन परत येतो.

मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं रक्त खराब आहे, कुणी म्हणतं वांगं बंद करा, कुणी म्हणतं नजर लागली. खरं कारण बऱ्याचदा त्या ट्यूबमध्येच असतं. दाद, खुजली, नायटा, गजकर्ण अशा नावांनी आपण ओळखतो त्या बुरशीच्या आजाराबद्दल, म्हणजे फंगल इन्फेक्शनबद्दल, आज सविस्तर बोलू या. कातडीचं, केसांचं आणि नखांचं, तिन्ही.

ही बुरशी खाते काय?

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो थर, केस आणि नखं ही तिन्ही केराटिन नावाच्या एकाच पदार्थापासून बनतात. गजकर्णाच्या बुरशीचं हेच अन्न आहे. म्हणून ती रक्तात शिरत नाही, पोटात जात नाही. केराटिन आहे तिथेच राहते. ‘रक्त साफ करण्याची’ औषधं घेऊन ती जात नाही, ती यामुळेच.

२०२१ मध्ये कोरोनानंतर ज्या काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने लोकांना हादरवलं, ती बुरशी वेगळी. गजकर्ण जिवावर बेतत नाही. पण झोप उडवतं, कामात लक्ष लागू देत नाही, नवरा-बायकोत दुरावा आणतं आणि घरभर फिरतं.

डाग गोल का दिसतो? बुरशी मधून बाहेरच्या बाजूला सरकत जाते. मधली कातडी थोडी बरी होते आणि कडेला लाल, खवल्यांची, उंचवट्याची रेघ उरते. बुरशी त्या रेघेवर आणि रेघेच्या थोडी पुढेही असते. त्यामुळे मलम नुसतं मध्ये लावून उपयोग नाही. डागाच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावावं लागतं.

वऱ्हाडात या बुरशीला सगळं आयतं मिळतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कपडे अंगाला चिकटतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, ओली चप्पल, न वाळलेले कपडे. त्यात अकोल्यासारख्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धुणं साचतं आणि कालचाच घामाचा कपडा आज पुन्हा अंगावर चढतो. यात कुणी गलिच्छ आहे असा अर्थ नाही. रोज आंघोळ करणाऱ्या, पाक-साफ राहणाऱ्या माणसालाही गजकर्ण होतं.

मलमातलं स्टिरॉइड

आता त्या ट्यूबकडे येऊ. ‘खाजेची ट्यूब’ म्हणून जे मिळतं त्यात अनेकदा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि एक स्टिरॉइड. खाज झटपट थांबते ती स्टिरॉइडमुळे.

बुरशी आली की शरीर तिच्याशी लढतं. लाली, आग आणि खाज ही त्या लढाईचीच लक्षणं. स्टिरॉइड ही लढाई बंद पाडतं. आपल्याला वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात पहारेकरी झोपलेला असतो आणि बुरशी आरामात पसरत असते. ट्यूब थांबवली की पहारेकरी जागा होतो, खाज दुप्पट उसळते आणि आपण पुन्हा तीच ट्यूब आणतो. असे महिने जातात, कधी वर्षंही. डागाचा गोल आकार मोडतो, कडा पुसट होतात, आणि मग डॉक्टरांनाही पहिल्या नजरेत ओळखणं अवघड जातं.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जांघेत आणि काखेत आठवड्यांमागून आठवडे स्टिरॉइड लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर लालसर, पुढे पांढरे पडणारे पट्टे उमटतात. बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे. बुरशी गेली तरी हे पट्टे पूर्ण जात नाहीत. चेहऱ्यावर लावलं तर पुरळ, नको तिथे केस आणि उन्हात आग होणं सुरू होतं. लहान मुलांची कातडी नाजूक असते, त्यांच्या अंगात हे औषध जास्त शोषलं जातं. लंगोटाच्या जागी लाल झालं म्हणून बाळाला मोठ्यांची ट्यूब लावणं तर अगदीच धोक्याचं.

हा प्रश्न फक्त आपल्या दोन जिल्ह्यांचा नाही, साऱ्या देशाचा आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘आयएडीव्हीएल’ने, स्टिरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदल नेमलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं ‘अनुसूची एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. कायदा आहे. पण चिठ्ठी न मागता ट्यूब देणारा आणि चिठ्ठी न घेता ट्यूब मागणारा, दोघं मिळून तो रोज मोडतात.

म्हणून घरातल्या सगळ्या ट्यूबा आजच बाहेर काढा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. अक्षरं इंग्रजीत असतात, तेव्हा घरातल्या शाळकरी मुला-मुलीला वाचायला सांगा. फार दिवसांपासून लावत असाल तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज वाढू शकते. ती वाढली म्हणून घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नका.

बुरशीही बदलली आहे

ट्यूब हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे खुद्द बुरशी. पूर्वी गजकर्णावर टर्बिनाफिन नावाचं औषध हमखास लागू पडायचं. आता अनेकांवर ते काम करत नाही.

२०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या कातडीवरून मिळालेल्या बुरशीला नवी जात म्हणून नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातला ‘इंडो’ आपल्या देशावरून आला. बुरशीतल्या ज्या घटकावर टर्बिनाफिन वार करतं, तोच या बुरशीत अनेकदा बदललेला असतो, त्यामुळे वार लागतच नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने न्यूयॉर्कमधल्या दोन महिला रुग्णांची नोंद जाहीर केली. तिथली ही पहिलीच नोंद. एकीला बांगलादेशच्या प्रवासात लागण झाली होती, तिथे तिच्या घरच्यांनाही तसाच त्रास होता. दुसरी परदेशात गेलेलीच नव्हती. दोघींवरही टर्बिनाफिन चाललं नाही.

स्टिरॉइडमुळेच ही बुरशी जन्माला आली, असं आम्ही म्हणत नाही. पण दबलेली आणि न मेलेली बुरशी महिनोन्‌महिने अंगावर बाळगली, की ती घरच्यांना आणि शेजाऱ्यांना देण्याची संधी वाढते. अर्धवट सोडलेल्या कोर्सचंही तसंच. याचा सरळ अर्थ असा की शेजारच्या खालाला जी गोळी लागू पडली ती तुम्हाला पडेलच असं नाही. तिची चिठ्ठी वापरू नका.

डोक्यातली बुरशी

मुलाच्या डोक्यात रुपयाएवढी जागा रिकामी दिसली की आपण ‘चाई पडली’ म्हणतो. खऱ्या चाईत जागा गुळगुळीत असते, खवले नसतात, खाज नसते. ती बुरशी नव्हे. पण जागेवर कोंड्यासारखे खवले असतील, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील, मूल सारखं डोकं खाजवत असेल, तर बुरशीची शंका घ्या. हा आजार मुख्यतः लहान मुलांचा.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, डोक्यातली बुरशी नुसत्या मलमाने जात नाही. ती केसाच्या मुळात बसलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. पोटातून औषध घ्यावं लागतं, आणि तेही साधारण दीड-दोन महिने. शाम्पू सोबतीला असतो, पण एकटा पुरत नाही. ग्रिसिओफुलविन हे जुनं औषध यासाठी आजही देतात, आणि ते दूध किंवा तूप-तेल असलेल्या जेवणासोबत नीट शोषलं जातं. दुसरी, कधीकधी डोक्यावर मऊ, पू भरल्यासारखी, दुखणारी सूज येते. गळू समजून ती कापायची घाई होते. आधी डॉक्टरांना विचारा, ‘ही बुरशीची सूज तर नाही?’ उपचार लांबला तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.

लागण कुठून होते? एकाच कंगव्यातून, टोपीतून, उशीतून. मदरशाच्या किंवा शाळेच्या वसतिगृहात मुलं एकमेकांची टोपी घालतात, एकाच टॉवेलने डोकं पुसतात. न्हाव्याकडचा न धुतलेला वस्तरा आणि मशीन हाही एक रस्ता आहे. आणि आपल्या घरोघरच्या लाडक्या मांजरी! मांजरीच्या पिल्लाच्या कानाजवळ किंवा तोंडावर केस गेलेले चट्टे असतील, तर तिची बुरशी मुलांना लागू शकते. मांजर घराबाहेर काढू नका, तिला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. अकोल्यात तर पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्थाच आहे.

नखं आणि बोटांच्या बेचक्या

नख पिवळं पडलं, जाड झालं, कडेने भुगा होऊ लागलं, तर बुरशी असू शकते. ‘असू शकते’ असं म्हणतो कारण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकीच्यांत सोरायसिस असतो, मार असतो, घट्ट बुटांचा दाब असतो. म्हणून तपासणी न करता महिनोन्‌महिने गोळ्या खाऊ नयेत.

नखाला धीर लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास. हाताचं पूर्ण नवं नख यायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं यायला एक ते दीड वर्ष लागतं. औषधाचा कोर्स संपला तरी जुनं खराब नख पुढे सरकून कापलं जाईपर्यंत दिसतच राहतं. त्यामुळे ‘गोळ्यांनी काहीच झालं नाही’ असं ठरवायची घाई नको.

सारखं पाण्यात काम करणाऱ्या बायांना, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. नखाच्या कडेची कातडी सुजते, दुखते, तिथे खाच पडते. नखुरडं म्हणतात ते हेच. ते वारंवार होत असेल तर त्यात अनेकदा कँडिडा नावाची दुसरी बुरशी असते. औषधाइतकंच महत्त्वाचं आहे हात कोरडे ठेवणं: रबरी हातमोजे घाला आणि काम झालं की हात पुसा.

पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, फाटते आणि वास येतो. पावसाळ्यातल्या या चिखल्या शेतात राबणाऱ्यांना तर दरसाली होतात. त्यातल्या अनेकांत बुरशी असते. वुजू करणाऱ्याचे पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. वुजूत बोटांच्या मधून आपण खिलाल करतो. तसंच धुऊन झाल्यावर बोटांच्या मधून कापड फिरवायची सवय लावा आणि मगच मोजे घाला. ओल्या पायांवर मोजे म्हणजे बुरशीला आमंत्रण. वुजूखान्यातल्या सगळ्यांच्या ओल्या चपलांऐवजी स्वतःची चप्पल वापरता आली तर उत्तम. मधुमेह असलेल्यांनी इथे जास्त जपावं. बेचक्यातल्या भेगेतून जंतू शिरून अख्खा पाय सुजू शकतो.

घर बरं झालं तरच माणूस बरा होतो

अब्बूंचा डाग बरा होतो, तोवर अम्मीला सुरू होतं. अम्मी बरी होते, तोवर मुलाकडून ते परत अब्बूंकडे येतं. म्हणून नियम एकच: घरात ज्यांना ज्यांना डाग आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. बायको सांगायला लाजते म्हणून नवऱ्याचाच इलाज होत राहिला, तर तो इलाज अर्धाच.

बाकी रोजचं काय करायचं ते असं:

– टॉवेल, लुंगी, टोपी, कंगवा, आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे. पाय पुसायचं फडकं अंगाच्या टॉवेलपेक्षा वेगळं.

– रुग्णाचे कपडे वेगळे धुवा, शक्य तर गरम पाण्यात. पाणी कमी असेल तर निदान आतले कपडे आणि टॉवेल तरी रोज धुवा. उलटे करून कडक उन्हात वाळवा. आपल्याकडे ऊन भरपूर आहे आणि ते फुकट आहे. पावसाळ्यात इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर आणि इलॅस्टिकवर.

– पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग आतले कपडे. नाहीतर पायातली बुरशी कपड्यासोबत जांघेत जाते.

– अंगावरच्या नको त्या केसांच्या सफाईसाठी प्रत्येकाचा वस्तरा वेगळा. डागावरून ब्लेड फिरवू नका. त्याने बारीक जखमा होतात आणि बुरशी केसांच्या मुळात उतरते. बरं होईपर्यंत कात्रीने केस बारीक करा.

– घट्ट जीन्स आणि नायलॉनच्या लेगिंग्जऐवजी सैल सुती कपडे घाला. बुरख्याचं कापड बहुधा घाम न शोषणारं असतं, म्हणून आत सुती घाला आणि घरी आल्यावर बुरखा घडी न घालता हवेवर टाका. ओल्या केसांवर स्कार्फ बांधू नका.

– लसूण चोळणं, चुना लावणं, बॅटरीचं पाणी किंवा रॉकेल लावणं बंद करा. त्याने बुरशी जात नाही, कातडी भाजते.

– खाज गेली म्हणून औषध थांबवू नका. साध्या डागालाही चार आठवडे लागू शकतात, जुन्याला दोन-तीन महिने. डाग दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवायला सांगतात.

रमजानमध्ये गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. बहुतेक गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला बसवता येतात, डॉक्टरांना तसं सांगा. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायच्या असतात आणि ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर हे आधी सांगणं आवश्यक आहे.

प्रत्येक डाग गजकर्ण नसतो

छातीवर, पाठीवर, मानेवर फिके किंवा तपकिरी, बारीक भुसा असलेले डाग म्हणजे शिबं. तीही बुरशीच, पण प्रत्येकाच्या कातडीवर एरवी असणारी. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. उपचारानंतरही रंग परत यायला काही महिने लागतात. हे फिके डाग पाहून ‘मुलीला कोड आहे’ असं बोललं जातं, ठरत आलेलं लग्न मोडतं. बोलण्याआधी तपासून घ्या. आणि कोड असलं तरी तेही कुणाला लागत नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ज्या डागावर स्पर्श कळत नाही, टोचलेलं कळत नाही, खाजही नाही, तो डाग गजकर्ण समजून ट्यूब लावत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांना आसरा दिला, त्या काळात लोक त्यांना घराबाहेर काढत. आज सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

कुठे जायचं, काय न्यायचं

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने स्टिरॉइडची ट्यूब घरी ठेवली तर निदान चुकू शकतं. घरात आणखी कुणाकुणाला आहे तेही सांगा. डागाची कड किंवा नखाचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची ‘केओएच’ नावाची साधी तपासणी असते, ती करता येईल का, असं विचारा. सुई नाही, रक्त नाही.

आपा-खालांना पुरुष डॉक्टरांना जागा दाखवायला अवघड वाटत असेल तर ओपीडीत महिला डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते केसपेपर काढतानाच विचारून घ्या, सोबत घरातल्या बाईला न्या. हे विचारण्यात काही वावगं नाही. वावगं आहे ते लाजेपोटी दोन-दोन वर्षं खाजवत राहणं आणि दर महिन्याला काउंटरवरून नवी ट्यूब आणणं.